गाडीचा खांदा

ब्रेकवर पाय दाबला आणि गाडी थांबली नाही. झालं ते एवढंच. उड्डाणपुलाचा उतार, मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा अर्धवट जागा झालेला गोंदियाचा बाजार, समोर स्कूटीवरून रमतगमत चाललेली एक बाई, आणि पायाखाली पेडल नेहमीसारखंच टणक. पण गाडी आपली सरकतच राहिली, जणू तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. वीरेंद्रनं हँडब्रेक खेचला, स्टेअरिंग डावीकडे मारलं, चाक कठड्याच्या दगडाला घासत गेलं आणि गाडी एकदाची थांबली. स्कूटीवाली बाई पुढं निघून गेली. आपल्या मागं काय चाललं होतं याचा तिला पत्ताही नव्हता, आणि कधी लागणारही नव्हता. शेजारी बसलेली आचल, वीरेंद्रची मुलगी, समोरच्या डॅशबोर्डवर आदळली होती. ती कपाळ धरून त्याच्याकडे बघत राहिली आणि फक्त "पप्पा?" एवढंच म्हणाली. मागून हॉर्न सुरू झाले. पुलाखालचा पानठेलेवाला वर चढून आला, भैया ठीक हो ना म्हणून विचारून गेला. वीरेंद्रनं मान हलवली. त्याला खरं तर भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो कंटाळा, हाडांपर्यंत शिरलेला थकवा. आता हेही बाकी होतं का, असं त्याला वाटलं. दुकान झालं, शेत झालं, घर झालं, आता पायाखालचा ब्रेकही. भीती नंतर आली, गाडी पहिल्या गिअरमध्ये घराकडे नेताना. त्या बाईच्या जागी शाळेची पोरं असती तर, असा विचार आला. अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेऊन तो थोडा वेळ नुसता बसून राहिला. आचलनं पाण्याची बाटली पुढं केली. तिचा क्लास बुडाला होता, पण तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिच्या कपाळावर टेंगूळ वर येत होतं, आणि ते आपण आणलंय, असं त्याला सारखं वाटत होतं.

घरी शामकलानं, त्याच्या बायकोनं, आधी पोरीचं कपाळ पाहिलं, बर्फ लावला, उलटी आल्यासारखं वाटते का विचारलं, चक्कर येते का विचारलं. सगळं निस्तरल्यावरच ती नवऱ्याकडे वळली. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हेच. आरडाओरडा परवडला असता. तिनं शांतपणे विचारलं, "ब्रेक तुमीच खोलला होता न मागच्या इतवारी?" त्यानं हो म्हटलं. ती बर्फाचं पाणी टाकायला मोरीकडे गेली. ओसरीत खाटेवर बसलेले बाबूजी, म्हणजे हिरालाल, वीरेंद्रचे वडील, हे सारं ऐकत होते. त्यांनी नातीला जवळ बोलावलं, टेंगळावरून अंगठा फिरवला आणि उगीच हं, हं करत राहिले. त्यांच्या अंगठ्याची कातडी दोरासारखी टणक होती. आचल हसली. वीरेंद्रला ते हसू बघवलं नाही. तो बूट न काढताच परत फिरला आणि मोटारसायकल काढून दुकानात निघून गेला.

दुकान म्हणजे कृषी केंद्र. खत, बियाणं, फवारणीची औषधं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन गेला होता, आता धानावर काय पडलं ते विचारायला माणसं येत होती. पिशवीत कीड लागलेलं पान घेऊन येणारे, मोबाइलवर फोटो दाखवणारे, काहीच न आणता नुसतं पिवळं पडून राहिलं म्हणणारे. सगळ्यांना उत्तर पाहिजे आणि ते लगेच पाहिजे. वर्षानुवर्षं वीरेंद्र उत्तरं देत आला होता. घरी गेला तरी उत्तरं. लाइट काऊन गेली, नळाचं पाणी काऊन येत नाही, गावाकडे कामठ्याच्या वावरात मोटर काऊन बंद पडली, आचलच्या फीची तारीख कोणती. या साऱ्यातून एकच जागा सुटली होती, रविवारची सकाळ. त्या वेळी तो अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरे आणि तिथं कोणी त्याला काही विचारत नसे. म्हटलं तर गाडी कामाचीच होती. कामठ्याची पांदण पावसाळ्यात अशी होते की तिथं साधी गाडी गेली की तिथलीच झाली. म्हणून चारही चाकांनी जोर लावणारी ही जुनी जीप त्यानं घेतली होती, बैलजोडी विकली त्याच साली. आणि धुळा-चिखलाची गाडी म्हटली की तिचं करणं आलंच. हंगामात गॅरेजमध्ये नंबर लागता लागत नाही. म्हणून तो छोटेलाल मिस्त्रीच्या मागं उभा राहून बघून बघून शिकला. आता दर रविवारी इंजिन ऑइलची काडी काढून पुसायची, परत घालायची, ऑइल कुठवर आहे ते बघायचं. एअर फिल्टर काढून पायरीवर आपटायचा. धानाच्या मिलांच्या भागातलं घर, त्यातून इतका भुसा निघे की ओसरीचा कोपरा भरून जाई. बॅटरीच्या टोकांवर पांढरंहिरवं चढलेलं असे, त्यावर गरम पाणी सोडायचं. सांध्यासांध्यात ग्रीस भरायचं, खालचा चिखल खरवडायचा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी चाक काढून ब्रेक बघायचे. ही कामं करताना त्याचं डोकं रिकामं होई. गुडघे बोंबलत, कंबर धरे, पण मन निवांत असे. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शामकला म्हणाली असती, मलेही कोणी पोतं अंथरून द्या एखाद्या इतवारी. आणि तिचं काही चुकलं नसतं.

आता त्याच कामात चूक झाली होती. त्या शनिवारचा बाकीचा सारा दिवस तो गल्ल्यामागं बसून मागचा रविवार आठवत राहिला. चाक काढलं, ते आठवत होतं. पॅड बघितले, अजून बरेच होते. चकती पुसली. पण कशानं पुसली? कापडाचे दोन तुकडे होते, एक कोरडा आणि एक ग्रीसचा. कोरडा हातात घेतल्याचं त्याला डोळ्यांसमोर दिसेना. ग्रीसचा घेतल्याचंही दिसेना. त्या जागी नुसतं काळं होतं. असं अलीकडे फार होत होतं. मागं रेडिएटरचं झाकण त्यानं बॉनेटवरच ठेवून दिलं होतं आणि आमगावच्या रस्त्यावर गाडी वाफाळली होती. दुकानात एकाला दुसऱ्याचं औषध दिलं होतं, नशीब की त्या माणसानं बाटली उघडण्याआधी वाचली. म्हणजे हात चालत राहतात आणि माणूस तिथं नसतोच. वीरेंद्रनं आपले हात पुढ्यात घेऊन पाहिले. नखांत काळं, बोटांवर जुने वळ. हेच हात घरातले एकमेव हात होते ज्यांवर सगळे विसंबून होते, आणि तेच आता फितूर झाले होते. थकवा अंगात असतो तोवर ठीक, हातात उतरला की माणूस संपला, असं त्याला वाटलं. एक गिऱ्हाईक दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा ओरडलं, तेव्हा कुठं तो भानावर आला.

पण घरात धास्ती आणखी एका गोष्टीची होती, आणि तिचा गाडीशी काही संबंध आहे हे शनिवारी त्याला ठाऊक नव्हतं. ती धास्ती बाबूजींची होती. आई गेल्यावर कामठ्याचं घर बंद करून त्यांना इथं आणलं. माणूस भला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सारा जन्म वावरात गेलेला, त्यांना घराच्या आत काय करायचं तेच कळेना. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मच्छरांसाठी घमेल्यात विस्तव करून कडुलिंबाचा पाला टाकला, गावात टाकत तसाच, आणि आंघोळीला निघून गेले. पडदा पेटला. शामकला घरी एकटी होती. तिनं बादल्या ओतून विझवलं, भिंत काळी झाली, तिच्या मनगटावर डाग राहिला. त्या संध्याकाळी ती वीरेंद्रला म्हणाली होती की मले भेव लागते, मी दिवसभर एकटी राहते, आणखी असं काही झालं तर मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, प्रफुलभाऊकडे पाठवायचं. प्रफुल म्हणजे वीरेंद्रचा धाकटा भाऊ, नागपूरला चौथ्या मजल्यावर राहतो. त्यानंही लगेच पाठवा म्हटलं होतं, पण म्हणण्याची तऱ्हा अशी की न पाठवलेलं बरं. बाबूजी एकदा तिथं राहून आले होते ते निम्मे होऊन. गॅलरीत उभं राहून खाली बघत बसायचे म्हणे. परत आल्यावर कोणी विचारलं तर एवढंच सांगत की तिथं पाय कोठं ठेवाचे तेच समजत नाही. दुसऱ्यांदा गेले तर ते तिथून परत येणार नाहीत, हे वीरेंद्रला माहीत होतं, शामकलालाही माहीत होतं. म्हणूनच ती ताकीद देऊन झाल्यावर रडली होती. ती वाईट नव्हती. त्यांचं पथ्यपाणी, औषधाच्या गोळ्या, पाय सुजले की कोमट पाण्याची परात, सगळं तीच करायची. तीही थकली होती, बाकी काही नाही.

रविवारी सकाळी त्यानं पोतं अंथरलं. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, पान्यानं डावीकडच्या चाकाचे नट सैल केले. एकेक नट काढून ताटलीत ठेवताना त्याला धडधडत होतं, डॉक्टरकडचा रिपोर्ट उघडताना धडधडतं तसं. आत आपलीच चूक दिसणार होती. बाबूजी फिरायला मारुतीच्या देवळापर्यंत गेले होते, आचल अंगणात कपडे वाळत घालत होती. चाक निघालं. चकती समोर आली आणि वीरेंद्र तसाच उकिडवा बसून राहिला. त्याच्या डब्यातलं ग्रीस काळं होतं. हे पिवळं होतं. चकतीच्या कडांवर, पॅडच्या बाजूंना, घासून जिथवर पुसलं गेलं नाही तिथं तिथं पिवळा थर बसला होता, मधूनमधून भाजून तपकिरी झालेला. त्यानं बोट लावून नाकाशी नेलं. हळद. हळद आणि लोणी, जळकं लोणी. चाकाच्या खाली, पोत्यावर, हिरव्या पानाचा एक चुरगळलेला तुकडा पडला. पळसाचं पान होतं ते. वस्तीच्या पलीकडं, नाल्याच्या काठाला एकच पळस उभा आहे. तिथवर चालत जाऊन पान तोडून आणणारा माणूस या सबंध कॉलनीत एकच होता.

आधी त्याला हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. असं हायसं की डोळ्यांत पाणी आलं. हात आपले होते. हातांनी दगा दिला नव्हता. रेडिएटरचं झाकण, ती औषधाची बाटली, सगळं जगात होतं तसं होऊन जातं, त्याचा अर्थ काही लागत नाही. त्यानं उजव्या बाजूचंही चाक काढून पाहिलं, तिथंही तेच, जरा जास्तच. आणि मग मागच्या रविवारची दुसरीच गोष्ट त्याला आठवली, कापडाच्या तुकड्यांची नव्हे. तो चाकात डोकं घालून बसला होता आणि बाबूजी खाटेवरून उठून त्याच्या मागं येऊन उभे राहिले होते. हे चमकते ते काय हाये, त्यांनी विचारलं होतं. त्यानं सांगितलं, ब्रेक मारला की हे दोन तुकडे चकतीला दोहोंकडून चिमटतात, घासतात, म्हणून गाडी थांबते. ते वाकले, चकतीवर गोल गोल पडलेल्या रेघांवरून त्यांनी अंगठा फिरवला. गरम होते का, विचारलं. लय गरम होते, तो म्हणाला. मग याले काही लावत नाही काय? आणि वीरेंद्र, दमलेला, नट तोंडात धरलेला, म्हणाला होता की काय लावाचं, चालते तसंच. काही लावू नका असं तो म्हणाला नव्हता. ते सांगायची गरज असते असं कोणाच्या डोक्यात तरी कसं येईल? बाबूजी पुन्हा खाटेवर जाऊन बसले होते. त्यांनी जन्मभर जे बघितलं तेच तिथं बघितलं असणार. दोन्हीकडून घासणारं काहीतरी, सोललेलं, तापलेलं, आणि मालक म्हणतो की चालते तसंच.

खांद शेकायची ती संध्याकाळ वीरेंद्रला लख्ख आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी कामठ्याला बैल लवकर सोडत. आई लोणी काढून ठेवी, वाटीत हळद कालवी. बाबूजी पळसाची पानं विस्तवावर धरून गरम करत आणि जुवाखाली राबून सोललेल्या खांद्यांवर लोणी-हळद चोळून वरून पानानं शेक देत. बैल डोळे मिटून उभे राहत. मग कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. लहान वीरेंद्रला त्या आमंत्रणाचं फार हसू यायचं. यंदाही तीच संध्याकाळ आली असणार. तो दुकानात होता, आचल क्लासला, शामकला शेजारी हळदीकुंकवाला, आणि अंगणात गाडी उभी होती. त्यांनी चाकाच्या भोकांतून हात घालून, बोटं पोचतील तिथवर लोणी चोळलं असेल. आवतनही दिलं असेल. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या दिवशी, वीरेंद्र गाडी काढायला गेला तर बाबूजीच आडवे आले होते, आज जुपाची नसते म्हणून. सारं घर हसलं होतं. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तो मोटारसायकलवर गेला. आणि मारबतीला सकाळी आचलला शेजारी बसवून त्यानं गाडी सरळ पुलावर घातली. आता हसू येत नव्हतं. रागही येत नव्हता. राग कोणावर धरायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. पण पोरीच्या कपाळावर टेंगूळ होतं, आणि ते टेंगूळ न राहता दुसरंच काही राहिलं असतं, अगदी थोडक्यात. वीरेंद्र चकतीसमोर बसून राहिला आणि त्याला एकदम इतकं म्हातारं वाटलं की बाबूजींपेक्षा आपणच मोठे आहोत असं झालं.

मग त्याच्या ध्यानात आलं की हे घरात कळलं तर पुढं काय. पडद्यानंतर ही दुसरी गोष्ट. पडदा तर भिंतीवरचा होता, इथं पोर होती. शामकला ओरडणार नाही. ती आत जाऊन प्रफुलला फोन लावेल, बॅग भरेल, गोळ्यांच्या पुड्या बांधून त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहील, आणि बाबूजी काही न विचारता चपला घालतील. काऊन, असंही ते विचारणार नाहीत. चौथ्या मजल्यावर त्यांच्या अंगठ्याला फिरवायला काही राहणार नाही. तो विचार वीरेंद्रला सहन झाला नाही. त्यानं आचलकडे पाहिलं. ती पाठमोरी होती, दोरीवर चादर टाकत होती. त्यानं डबीतून पेट्रोल घेतलं आणि चकती घासायला सुरुवात केली. कडा, खाचा, मागची बाजू, सगळं. पिवळं पाणी पोत्यावर गळत राहिलं. पॅड लोणी पिऊन बसले होते, ते वाचण्यातले नव्हते. ते काढून त्यानं जुन्या सामानाच्या पोत्यात तळाशी टाकले, सोमवारी नवे आणायचे होते. पानाचा तुकडा चुरगळून नालीत टाकला. साबणानं हात धुतले, तरी बोटांना वास राहिलाच. हे सगळं त्यानं इतक्या नेटानं केलं की जणू चोरी त्यानंच केली होती. आणि उठताना, गुडघ्यावर हात ठेवून, त्यानं ठरवलं की चोरी आपलीच.

स्वयंपाकघरात शामकला भाजी चिरत होती. तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "ग्रीसचा हात लागला होता चकतीले. माजीच चूक." तिनं विळी थांबवली. खरं तर तिलाही ते ऐकायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. नवऱ्याचे हात असे झाले, हे कोणत्या बायकोला ऐकावंसं वाटतं? तिनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, मंग बेचून टाका, आज पोरीचं कपाळ वाचलं, उद्या कोनाचं काय होईन. वावरात जायला भाड्याचा ट्रॅक्टर करू, नाही तर वावर ठेक्यानं देऊ, पण घरी आता हे चाक खोलणं नको. वीरेंद्रनं बरं म्हटलं. बरं म्हणताना त्याला रविवारच्या सकाळी दिसल्या, एकामागं एक, पोतं न अंथरलेल्या. तेवढंच एक आपलं होतं, ते गेलं, असं त्याला सरळ सरळ वाटलं, आणि वाईट वाटलं. पण तो सौदा त्याला परवडणारा होता. दुसरा नव्हता.

दुपारी चौघं जेवायला बसली. बाबूजी पाटावर, बाकीची खाली. आईकडून कळलेलं गाडी विकायचं आचलनंच बोलून टाकलं, तिला वाईट वाटलं होतं, चिखलातल्या पांदणीनं जीपमधून उड्या मारत जायची तिला सवयच होती. बाबूजींचा घास हातातच राहिला. काऊन विकून राहिला, त्यांनी विचारलं. वीरेंद्रनं ताटाकडे बघत पुन्हा तेच सांगितलं, ग्रीस, हात, चूक. म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग कडक आवाजात म्हणाले, "ज्याले सांभाळता येत नाही, त्यानं दावनीले बांधू नोये. तुनं ध्यान नाही देल्लं, वीरेंद्र. पोरीले लागलं." वीरेंद्र हो बाबूजी म्हणाला. ऐकून घेणं कठीण नव्हतं. कठीण होतं ते त्यांच्याकडे न बघणं. ते बरोबरच बोलत होते, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर. बैल नीट न राखणाऱ्याला त्यांनी गावात हेच सुनावलं असतं, आणि त्यानंही मान खाली घातली असती. शामकलानं वरणाचं भांडं सरकवलं, बोलणं संपावं म्हणून. पण बाबूजींचं संपलं नव्हतं. बैल विकताना मालक घेणाऱ्याला जनावराच्या सवयी सांगतो. कोणत्या बाजूला जुंपायचं, पाणी किती पितो, कशाला बुजतो. पैसे हातात आले तरी ते सांगितल्याशिवाय कासरा सोडायचा नसतो. तसेच ते आता थोडे पुढं झुकले.

"घेनाऱ्याले एक सांगून देजो," ते म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या सांजेले समोरच्या दोन्ही चाकातल्या चकतीले लोनी-हळद लावत जाय म्हना. घासून घासून लकिरा पडल्या हायेत तिले. यंदा मी लावलो. भोकातून हात घालून पुरी लावलो."

आचलचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. शामकला हातात पळी धरून तशीच बसली होती. तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. एकदाच, पण पुरतं. त्या नजरेत तिला सगळं कळत गेलं, पेट्रोलचा वास, दाराशी उभं राहून बोललेलं खोटं, ते कोणासाठी बोललं ते. वीरेंद्रला वाटलं, संपलं. आता ती पळी खाली ठेवेल आणि उठेल. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. आणि ही शांतता म्हाताऱ्यालाही लागली. जनावरात जन्म गेलेल्या माणसाला न बोललेलं आधी कळतं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग आचलच्या टेंगळाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

"त्यानंच तं नाही न घसरली गाडी?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की तो त्यांचा वाटेना.

वीरेंद्रनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी शामकला बोलली. "नाही, मामाजी," ती म्हणाली. "यायच्याच हाताचं ग्रीस लागलं होतं. आताच सांगतलं न यायनं." आणि ती पळीनं वरण ढवळू लागली, ढवळायची काही गरज नसताना. "आन् बेचाचं काही नाही. मी रागानं बोलली. पुढच्या पोळ्याले तुमी बंपरले लावजा. समोर हूक हाये, फसलेला ट्रॅक्टर ओढते तं सारा जोर तिथंच येते. चाकामंधी हात नोका घालू, बोट कापन. मी दाखवीन कोठं लावाचं ते."

बाबूजींनी त्यावर विचार केला. खरोखरच विचार केला, भुवया जवळ आणून, कोणी वावराचा बांध कुठून फोडायचा विचारावं तसा. हूक म्हणजे ते समोरचं लोखंडी कडं का, त्यांनी विचारलं. तिनं हो म्हटलं. "मंग बरोबर हाये," ते म्हणाले. "ओढते तिथंच लावाले पायजे. माजंच चुकलं." त्यांनी घास पुन्हा उचलला आणि खाल्ला. मग मुलाकडे वळून, जरा मऊपणानं, पण सोडायचं नाही म्हणून, आणखी एकदा सांगितलं की तू आपल्या हाताकडं ध्यान देत जाय. आचल खाली बघून भात कालवत होती आणि तिचे ओठ थरथरत होते, हसण्यानं की रडण्यानं ते वीरेंद्रला सांगता आलं नसतं.

तो हो बाबूजी म्हणाला. शामकलानं न विचारताच त्याच्या ताटात भात वाढला. तिच्या मनगटावरचा जळाल्याचा डाग त्याच्या अगदी समोरून गेला आणि त्याला तो हात धरावासा वाटला. धरला नाही, बाबूजी बसले होते. त्यानं वरण मागून घेतलं आणि तो जेवू लागला.